पुसलेलं पुसणाऱ्या बोळाबाई

माझ्या नणंदेला बाजारात सगळे बोळाबाई म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण त्यांना ते ठाऊक आहे. एखाद्या दवाखान्याला, वकिलाला, पतपेढीला जुन्या कॉम्प्युटरमधली लोकांची माहिती कायमची घालवायची असली की कुणीतरी म्हणतंच, "बोळाबाईंना सांगा, त्या बोळा फिरवून देतील." एकदा एका कारकुनाने फोनवर विचारलं, "हॅलो, बोळाबाई का?" आणि लगेच जीभ चावली. त्या शांतपणे म्हणाल्या, "हो, बोळाच बोलतोय. कुठे फिरायचंय?"

मी त्यांना ताई म्हणते. माझ्या नवऱ्यापेक्षा त्या बऱ्याच मोठ्या. आई लवकर गेली, तेव्हा त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून सगळं ताईंनीच केलं. सायकलदुरुस्तीच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या आहेत. मागच्या खोलीत संसार, म्हणजे एक पलंग, एक शेगडी आणि एक रेडिओ. पुढच्या खोलीत काम. तिथे भिंतभर लांब टेबल, त्यावर काळी रबरी चटई, कान तुटलेल्या कपात नखाएवढ्या टोकाचे स्क्रूड्रायव्हर, आणि फडताळात उघडून ठेवलेल्या डिस्क. खालून दिवसभर चाकांत हवा भरल्याचा फुस्स फुस्स आवाज येतो. लग्न त्यांनी केलं नाही. मी नवी नवरी असताना धीर करून कारण विचारलं होतं. म्हणाल्या, "बघायला आलेल्यांपैकी एकालाही माझं काम काय ते कळलं नाही. चौथ्याला समजावून सांगायचा मला कंटाळा आला."

तरुणपणी त्या एका मोठ्या दवाखान्यात रोग्यांची माहिती टाइप करायच्या. एक दिवस कुणाचं तरी बोट भलत्या जागी पडलं आणि अख्ख्या वॉर्डाची माहिती पुसली गेली. डॉक्टर ओरडायला लागले, हेडक्लार्क मटकन खाली बसला. मग बाहेरून एक मेकॅनिक आला. त्याने कॉम्प्युटरपुढे मांडी ठोकली आणि दिवस मावळायच्या आत सगळी माहिती जशीच्या तशी परत आणली. सगळ्यांच्या जिवात जीव आला. ताईंच्या अंगावर मात्र काटा आला. त्या माणसाच्या मागे मागे त्या फाटकापर्यंत गेल्या. "परत आलं कुठून?" असं विचारत राहिल्या.

"गेलंच नव्हतं," तो म्हणाला.

"पण आम्ही डोळ्यांनी बघितलं."

"बाई, हे यंत्र महाआळशी. पूस म्हटलं की 'पुसलं' म्हणतं आणि हात झटकतं."

त्यांनी त्याच्याकडेच काम शिकून घेतलं आणि पुढची कितीतरी वर्षं लोकांचं हरवलेलं परत आणून दिलं. लग्नाचे फोटो, कुणाचा प्रबंध, कुणाच्या वारलेल्या वडिलांचा आवाज. लोक हात जोडायचे, काही रडायचे. मग एकदा सुट्या भागांसाठी त्यांनी भंगारवाल्याकडून जुन्या डिस्क उचलल्या. एक सहज लावून पाहिली, तर आत कुठल्याशा दवाखान्यातली माणसंच्या माणसं. कुणाला कुठला आजार, कुणी कुठलं मूल नको म्हणून काढून टाकलं, कुणी वेड्यासारखं वागायला लागलं. सगळं रीतसर पुसून भंगारात घातलेलं, आणि सगळं तिथेच. ताई मला म्हणाल्या होत्या, "रस्त्यात उघड्या पडलेल्या माणसावर आपण कापड टाकतो ना, तसं वाटलं बघ." त्या दिवसापासून परत आणण्याचं काम त्यांनी कमी केलं आणि पुसण्याचं सुरू केलं.

मला यातलं ओ की ठो कळत नसे. आमचं चष्म्यांचं दुकान. एकदा मी विचारलं, "पुसलेलं राहतं म्हणजे नेमकं काय होतं?"

"असं समज, एक लॉज आहे," ताई म्हणाल्या. "पाहुणा जायचा झाला की मॅनेजर फळ्यावरचं त्याचं नाव पुसतो. सगळ्यांना वाटतं, खोली रिकामी. पण पाहुणा गेलेलाच नसतो. तो आत पलंगावर झोपलेला. नवा पाहुणा त्या खोलीत येईपर्यंत जुना तिथेच."

"आणि नवा आला की?"

"नवा बुटका असला तर जुन्याचे पाय पांघरुणाबाहेर राहतात."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. "हसू नको," म्हणाल्या, "त्या पायांवरून माणूस ओळखता येतो."

तर, ज्या कामाची गोष्ट मला सांगायची आहे, ते काम आलं तेव्हा मी योगायोगाने तिथेच होते. ताईंचा नवा चष्मा द्यायला गेले होते. जिन्यावर सावकाश पावलं वाजली आणि पांढऱ्या केसांच्या, ताठ कण्याच्या एक बाई आत आल्या. त्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त झालेल्या. सगळं गाव त्यांना मोठ्या बाई म्हणतं. शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांनी चार मैत्रिणींना घेऊन एक हेल्पलाइन सुरू केली होती. मन जड झालेल्या कुणीही फोन करावा, पलीकडे कुणीतरी ऐकेल. उपदेश नाही, प्रश्नांचा भडिमार नाही. ऐकणारे लोक पगार न घेता पाळीपाळीने बसत. फोन संपला की चार ओळी टाइप करून ठेवत, म्हणजे पुढच्या वेळी दुसऱ्या कुणी फोन उचलला तरी त्या माणसाला आपलं दुःख पहिल्यापासून उगाळावं लागू नये.

"आणि आम्ही प्रत्येकाला सांगायचो," मोठ्या बाई म्हणाल्या, "की तुम्ही म्हणाल त्या दिवशी तुमचं सगळं पुसून टाकू. फोन यायचे थांबले तरी काही काळाने पुसू. या भरवशावर लोक बोलायचे. आईबापांना सांगितलं नाही ते आम्हाला सांगायचे."

"आणि तुम्ही पुसत होतात," ताई म्हणाल्या.

"न चुकता. मी स्वतः बटण दाबत होते." त्यांनी पर्स मांडीवर घट्ट धरली होती. "आता मशीन जुनं झालं. नवं मिळालं म्हणून सामान हलवायला एक जण आला. तो सहज म्हणाला, बाई, तुम्ही पुसलेलं सगळं यात आहे की. अगदी पहिल्या वर्षापासूनचं."

खाली कुणीतरी घंटी वाजवून पाहत होतं.

"तुम्ही मुद्दाम शब्द मोडला नाहीत," ताई म्हणाल्या.

"पाळलाही नाही ना. रडणाऱ्या माणसांना फोनवर दिलेला शब्द."

ताईंनी नवा चष्मा डोळ्यांवर चढवला. "मशीन बंद करून ठेवा. त्याला आता कुणी हात लावायचा नाही. मी येते."

मी त्यांच्याबरोबर गेले. खरं सांगायचं तर उत्सुकता होती. हेल्पलाइनच्या खोल्या मी समजत होते त्याहून साध्या निघाल्या. चार टेबलं, चार फोन, खिडकीला जाड पडदे. एका कोपऱ्यात विणकामाची टोपली, कारण ऐकताना कुणाला हात रिकामे सोसत नाहीत. मोठ्या बाईंखेरीज तिथे एक प्राध्यापक आले होते. मनाच्या आजारांवर त्यांचा अभ्यास होता आणि नव्या ऐकणाऱ्यांना ते फुकट शिकवत. सभ्य, मृदू बोलणारे.

"माझं एक ऐकून घ्या," ते म्हणाले. "माणसं तोल जाण्याच्या क्षणी काय बोलतात, ते कुठल्याही पुस्तकात सापडत नाही. ते इथे आहे. आणि तेच लोक पुढे सावरलेही आहेत. कशाने सावरले, तेही इथेच आहे. नावं काढा, पत्ते काढा, फोन नंबर काढा आणि बाकीचं ठेवा. यातून किती जीव वाचतील, विचार करा."

हे ऐकून मला तर वाटलं, बरोबर आहे की. मोठ्या बाईही डळमळल्या. त्यांनी ताईंकडे पाहिलं.

"ठरवायचं तुम्ही," ताई म्हणाल्या. "आत काय आहे, तेवढं मी दाखवते."

त्यांनी जुन्या मशीनमधली डिस्क काढून आपल्या मशीनला लावली, अशा जोडणीने की वाचता येईल पण तिच्यावर एक अक्षरही लिहिलं जाणार नाही. मग जे उघडलं, त्यात ना रकाने होते ना नावं. ते नुसतं रान होतं. खुणा, आकडे, ठिपके, ओळीच्या ओळी निरर्थक. ताई खाली खाली जात होत्या. आणि एकाएकी त्या कचऱ्यातून माणसाचं बोलणं वर आलं, पाण्यातून हात वर यावा तसं:

*…आज कुत्र्याला फिरवून आणलं. बायको गेल्यापासून ते माझ्याकडे बघतच नव्हतं. आज शेपूट ह…*

एवढंच. पुढे परत ठिपके.

मोठ्या बाईंनी तोंडावर हात ठेवला. "अरे देवा," त्या म्हणाल्या. "हे…" आणि थांबल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्याच वेळी त्या हसतही होत्या. "ते कुत्रं. त्या दिवशी मीच होते फोनवर."

प्राध्यापकांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"यात नाव कुठे आहे?" मोठ्या बाई म्हणाल्या. "पत्ता कुठे आहे? अर्धं वाक्य आहे. मी लगेच ओळखलं की नाही?"

प्राध्यापकांनी चष्मा काढून हातात धरला. "मला ओळखू आला नाही," शेवटी ते म्हणाले. "पण त्याच्या शेजाऱ्याला येईल. मेहुण्याला येईल." मग म्हणाले, "पुसा. मला जे हवंय ते मी यापुढे विचारून घेईन. जो देईल त्याचं घेईन."

ताईंनी तेवढ्यात एक पुठ्ठा कापून स्क्रीनच्या त्या भागावर चिकटवला होता, जिथे अक्षरं दिसत. पुढचं सगळं काम त्यांनी त्या पुठ्ठ्याआडून केलं. डोळ्यांचं काही सांगता येत नाही, त्या म्हणाल्या, ते विचारून वाचत नाहीत.

मला वाटलं होतं, आता एक बटण दाबलं की संपलं. कसलं काय! आधी जे लोक अजून फोन करत होते, त्यांची माहिती वाचवायची होती. ती नव्या मशीनवर न्यायची, पण फाइल अख्खी उचलून नेता येत नाही. "अख्खी उचलली की मेलेल्या ओळीही पदराला चिकटून येतात," ताई म्हणाल्या. म्हणून जिवंत माणसांची एकेक ओळ वेगळी वाचून नव्या जागी नव्याने लिहायची. शिवाय हे यंत्र म्हणे आपण काय काय केलं त्याची स्वतःशी टिपणं ठेवतं. ती टिपणं वेगळी. वीज गेली तर पंचाईत नको म्हणून ठेवलेल्या प्रती वेगळ्या. शोधताना सोय व्हावी म्हणून यंत्राने आपल्या मनाने काढलेले तुकडे वेगळे. एकाच रडण्याचे इतके पडसाद, आणि ते इतक्या कोपऱ्यांत. ताई एकेक जागा सांगत होत्या आणि मी बघत राहिले. विसरणं ही जगातली सगळ्यात सोपी गोष्ट, असं मी तोवर धरून चालले होते. मी रोज चार गोष्टी विसरते, आणि त्यासाठी मला काहीच करावं लागत नाही.

एक प्रत तर त्या खोल्यांत नव्हतीच. सुरुवातीच्या काळात कॉम्प्युटर सांभाळणारे एक आजोबा होते. ते सुरक्षेसाठी एक डिस्क घरी नेऊन ठेवत. ताई आणि मी त्यांच्याकडे गेलो. आजोबांना आता नीट ऐकू येत नव्हतं. सुनेने मोठ्याने सांगितलं, तसे ते उठले आणि आतून पिठाचा डबा घेऊन आले. डब्यात लोकरीची टोपी आणि टोपीत डिस्क.

"तीनदा घर बदललं," ते अभिमानाने म्हणाले. "सामान हरवलं, भांडी हरवली. ही हरवली नाही. डोळ्यांत तेल घालून सांभाळली."

ताईंनी ती दोन्ही हातांत घेतली. आता ती नष्ट करायची आहे, हे सांगायला त्यांची जीभ उचलेना. शेवटी त्यांनी सांगितलं. आजोबांनी एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा ऐकलं. त्यांचा चेहरा उतरला.

"मग मी सांभाळली कशाला?"

"दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये म्हणून," ताई त्यांच्या कानाशी वाकून म्हणाल्या. "तुमच्याकडून गेली असती तर आज मला शोधूनही सापडली नसती. ती कुठे आहे ते कळलं, म्हणून तर पुसता येतेय."

आजोबांनी थोडा वेळ डब्याकडे पाहिलं. मग टोपी झटकून डोक्यावर घातली आणि म्हणाले, "चला, एक ओझं उतरलं. सूनबाई, आता या डब्यात पीठ भर."

आता पुसायचं, पण पुसलं गेलं हे ओळखायचं कसं? लोकांचं खरं बोलणं शोधत बसायला ताई तयार नव्हत्या. मग त्यांनी ऐकणाऱ्यांना एक खोटा फोन रचायला सांगितला. असं वाक्य बनवा, म्हणाल्या, जे जगात कुणी कधी बोललं नसेल. त्या गंभीर खोलीत एकदम हशा पिकला. शेवटी विणकामवाल्या काकूंचं वाक्य मंजूर झालं: "निळ्या हत्तीने माझी इस्त्री गिळली." ते वाक्य जुन्या मशीनमध्ये लिहिलं, नेहमीच्या बटणाने पुसलं, आणि ताईंनी शोध लावला. निळा हत्ती डिस्कवर पाच-सहा ठिकाणी मजेत उभा होता. मोठ्या बाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "आणि मी म्हणत होते, झालं, पुसलं!"

मग ताईंनी खरं काम सुरू केलं. पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत, भरलेल्या जागेवर आणि रिकाम्या म्हणवणाऱ्या जागेवर, सगळीकडे शून्य लिहायचं. डिस्क हलक्या आवाजात घुमत होती. काम उरकल्यावर त्यांनी हत्ती शोधला. नव्हता. तरी त्या उठल्या नाहीत. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही, म्हणाल्या, इथे शीत न् शीत चेपून बघावं लागतं. मशीनला त्यांनी सगळी डिस्क परत वाचायला लावली. शून्याखेरीज काहीही दिसलं तर थांब, असं सांगून ठेवलं.

मशीन कुठेही थांबलं नाही, तेव्हा मोठ्या बाईंनी सगळ्या ऐकणाऱ्यांना बोलावलं. दुपारची वेळ होती, पडदे बाजूला सारले होते. ताईंनी स्क्रीनवरचा पुठ्ठा काढला. आधी जिथे रान होतं, तिथे आता शून्यं होती. एका ओळीखाली दुसरी ओळ. त्या खाली जात राहिल्या. शून्य, शून्य, शून्य.

"कुठवर आहे असं?" काकूंनी विचारलं.

"शेवटपर्यंत."

कुणी जागचं हललं नाही. मी त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहत होते. इथे बसून या माणसांनी वर्षानुवर्षं परक्यांचं दुःख कानात घेतलं होतं, आणि आता ते सगळं जिथे होतं तिथे समुद्रासारखं सपाट काहीतरी पसरलं होतं. एखाद्या फार उंच, फार रिकाम्या देवळात शिरल्यावर आवाज आपोआप खाली येतो ना, तसे सगळे कुजबुजत होते. काकू हळूच म्हणाल्या, "किती शांत आहे हे." प्राध्यापक मागे उभे होते. त्यांनी मान खाली घातली होती.

पण ताईंचं समाधान झालं नव्हतं. घरी येताना त्या मला म्हणाल्या, "एक राहिलं. चालता चालता डिस्कवरची थोडी जागा खराब होते. ती जागा डिस्क स्वतःच बाजूला टाकते आणि आपल्याला दाखवत नाही. तिथे माझं शून्य पोचत नाही. कणभरच असेल. पण त्या कणात कुणाचं काय अडकलंय, कुणी सांगावं?"

"मग?"

"मग डिस्कच्या आतल्या तबकड्याच घासायच्या. छोट्याला विचार, कारखाना कधी रिकामा आहे."

छोट्या म्हणजे माझा नवरा. केस पिकले तरी त्यांच्यासाठी तो छोट्याच. दुकानामागे आमची भिंगं घासायची खोली आहे, तिलाच आम्ही कारखाना म्हणतो. आता भिंगं तयारच येतात, पण सासऱ्यांच्या वेळचं चाक, पाण्याचं नळकांडं, कुरुंदाची पूड, सगळं जागच्या जागी आहे. तबकड्या फोडून देणारी कंपनी दूरच्या शहरात होती, आणि मोठ्या बाई त्या डिस्क नजरेआड करायला तयार नव्हत्या.

सुट्टीच्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही तिघं बसलो. ताईंनी आजोबांच्या डिस्कसकट सगळ्या डिस्क उघडल्या. आतल्या तबकड्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. आयुष्य काचा पुसण्यात गेलं माझं, पण इतकी गुळगुळीत वस्तू मी पाहिली नव्हती. आरसा लाजेल अशी. त्यात माझा चेहरा दिसला आणि मी पटकन मागे सरकले. कुणाच्या तरी घरात डोकावल्यासारखं वाटलं.

नवऱ्याने तोंडाला फडकं बांधलं, पाणी सोडलं आणि चाक सुरू केलं. पहिली तबकडी टेकवली तसा चकचकीतपणा जाऊन राखाडी डाग उमटला, मग पसरत गेला. एक झाली, दुसरी झाली. तिसरी त्याने हातात घेतली, टेकवली नाही. चाक बंद केलं. फडकं खाली ओढलं.

"यात मी पण आहे," तो म्हणाला.

मला वाटलं, तोही आपलं प्रतिबिंब बघतोय. ताईंना मात्र कळलं. त्या स्टुलावरून उठल्या.

"कधी रे?"

"बाळ गेलं तेव्हा. ही माहेरी होती."

आमचं पहिलं बाळ जेमतेम काही दिवस जगलं. मी त्यानंतर बरेच महिने आईकडे होते. तो यायचा, खाली मान घालून बसायचा आणि परत जायचा. त्याच्या डोळ्यांत मी पाण्याचा थेंब पाहिला नाही. या माणसाच्या छातीत दगड आहे, असं मी तेव्हा ठरवून टाकलं होतं. पुढे मुलगी झाली, संसार झाला, प्रेमही झालं, पण तो दगड माझ्या हिशेबात कायम होता.

"दुपारी शटर ओढून फोन करायचो," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी नुसता धरून बसलो. पलीकडच्या बाई म्हणाल्या, मी इथेच आहे. मी ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी परत लावला."

"मला नाही सांगितलंस," ताई म्हणाल्या. "अरे, मी तुला वाढवलाय."

"म्हणूनच नाही सांगितलं. घरातल्या माणसाला सांगितलं की ते रोज जेवताना समोर येऊन बसतं. मला असं कुणीतरी हवं होतं की ज्याला मी दिसणारच नाही."

नळकांड्यातून चाकावर पाणी ठिबकत होतं. कुत्र्याची ती ओळ वर आली तेव्हा मी तिथे उभी होते. ताई आणखी थोड्या खाली गेल्या असत्या, तर कदाचित… पण त्यांनी पुठ्ठा लावला होता. त्या पुठ्ठ्याआड माझ्याच घरातला माणूस होता, आणि मी बाहेर उभी राहून परक्यांसाठी हळहळत होते.

ताईंनी पुढे होऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला. "दे इकडे. मी घासते."

"नको. मी करतो."

त्याने फडकं परत बांधलं. ती तबकडी त्याने इतर तबकड्यांपेक्षा सावकाश घासली, उलट केली, दुसऱ्या बाजूनेही घासली. ताईंनी ती उजेडात धरून तिरकी करून पाहिली, बोट फिरवलं, आणि मान हलवली. मग उरलेल्या तबकड्या झाल्या. चाकाखालचा राखाडी गाळ ताईंनी एका बरणीत भरला. इतक्या माणसांचं इतकं बोलणं, आणि बरणी अर्धीही भरली नाही. ताई बरणी हातात घेऊन बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. या कामात केस पांढरे झालेल्या बाई, पण त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मला वाटतं त्या मेकॅनिकच्या मागे फाटकापर्यंत धावलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर असणार.

"भूक लागली," त्या एकदम म्हणाल्या. मग मी अंडी तळली, पाव कापला आणि आम्ही कारखान्यातच चष्म्यांच्या खोक्यांवर ताटल्या ठेवून जेवलो. ताई गेल्या, तेव्हा त्यांच्या घराच्या जिन्यापर्यंत छोट्या त्यांचा हात धरून गेला.

हेल्पलाइनचं काम आता नव्या मशीनवर चालतं. ताईंनी तिथे प्रत्येक माणसाच्या ओळींना वेगळं कुलूप घालून दिलं आहे. कुणी पूस म्हणालं की त्याची किल्लीच मोडून टाकायची, मग आतलं कुणालाच वाचता येत नाही. मोठ्या बाई फोनवर अजून तोच शब्द देतात, आणि आता देताना त्यांचा आवाज खणखणीत असतो, असं काकू सांगतात. ताईंकडे कामं येतच असतात. बाजारात अजून त्यांना बोळाबाईच म्हणतात. मी म्हणत नाही. मला तो शब्द आता फार मोठा वाटतो.

त्या दिवशी संध्याकाळी घरी आल्यावर मी नवऱ्याला काही विचारलं नाही. जे त्याने पुसायला दिलं होतं, ते मी कुठल्या तोंडाने परत मागू? दिवा लावता लावता तोच म्हणाला, "मी फोनवर त्यांना एकच गोष्ट परत परत सांगायचो. त्याचं नाव."

"कुणाचं?"

"बाळाचं. आपण ठेवलंच नव्हतं ना. मी ठेवलं होतं. मनातल्या मनात."

मग त्याने ते मला सांगितलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. आम्ही दोघं मात्र ते आता घरात मोठ्याने घेतो.